विद्यापीठाकडून खेळून झालं, आता फुटबॉल कोच व्हायचंय. सुरुवात कुठून करावी?

राईट हाफ, परभणी

सगळ्यांना नमस्कार. बीए तिसऱ्या वर्षाला आहे. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या संघात तीन वर्षं होतो, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेची तिन्ही प्रमाणपत्रं हातात आहेत. इथून पुढं शिकवायचंच ठरवलंय. गावातल्या शाळेचं मैदान मिळायलंय, काळ्या मातीचं आहे. १० ते १३ वयाची अठरा लेकरं रोज यायला तयार आहेत.

आता विचारायचं ते असं. आधी कोचिंगचं डी लायसन्स, बीपीएड, की पतियाळाचा कोर्स? कुणी म्हणतं बीपीएडशिवाय नोकरी नाही, कुणी म्हणतं फुटबॉलमध्ये बीपीएडला कुणी विचारत नाही. डी लायसन्सला नेमकं काय घेतात? आणि लायसन्स मिळेपर्यंत या लेकरांना शिकवावं, की चुकीचं शिकवण्यापेक्षा थांबावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

कागदपत्र, नांदेड

भाऊ, तू ऐकलेली दोन्ही वाक्यं खरी आहेत, कारण नोकरी आणि कोचिंग या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. एका खिडकीचा कागद दुसरीकडे चालत नाही. पोरं इथंच फसतात आणि दोन-दोन वर्षं वाया घालवतात.

पहिली खिडकी फुटबॉलची. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनची लायसन्सं चढत्या क्रमानं डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहेत. डी हे फेडरेशनचं आपलं, सीपासून वर आशियाई महासंघाची मान्यता लागते. आपल्या राज्यात हे सगळं वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत चालतं, म्हणून कोर्सच्या तारखांसाठी तिथं आणि जिल्हा संघटनेकडे लक्ष ठेवावं लागतं. डीला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि कोर्स सहा दिवसांचा असतो. सीला अर्ज करताना डी झाल्यावर प्रत्यक्ष टीम चालवली का, हे विचारतात. म्हणून डी घेऊन कपाटात ठेवणाऱ्याची गाडी तिथंच अडते. वरच्या लायसन्सांना मुदत असते. त्या मुदतीत ठरलेले उजळणीचे तास भरले नाहीत तर नूतनीकरण होत नाही. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) मुख्य कोचला प्रो लागतं, यावरून शिडी किती लांब आहे ते कळेल.

दुसरी खिडकी शाळा-कॉलेजची. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं तर बीपीएड. ते आता दोन वर्षांचं आहे आणि प्रवेशाला राज्याची सीईटी द्यावी लागते. लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणी असते. अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर एमपीएडला ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट. शिवाय यूजीसीच्या २०१८च्या नियमांत धावण्याची चाचणी आहे, तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर. तुझ्यासारख्याला ती काहीच नाही. नेट मात्र मैदानावर निघत नाही, अभ्यासाला बसावंच लागतं.

तिसरी खिडकी सरकारी कोचची. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली सुरू झाली. तिचा पूर्ण डिप्लोमा आणि उन्हाळ्यातला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) सहाय्यक कोचची पदं किंवा राज्याच्या क्रीडा विभागातली क्रीडा मार्गदर्शकाची पदं निघतात तेव्हा डिप्लोमा मागतात. सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट घेऊन डिप्लोमाच्या पदाला अर्ज केला तर छाननीतच बाद. हे आधीच लक्षात ठेव.

आता लगेच करायचं एक काम सांगतो. तिन्ही वर्षांची मूळ प्रमाणपत्रं, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं निवडपत्र आणि संघाची यादी गोळा करून त्याच्या साक्षांकित प्रती काढ. नावाचं स्पेलिंग दहावीच्या सनदेशी अक्षरन् अक्षर जुळतं का बघ. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते घ्यायचं तर विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर पळापळ करून ती वेळेत होत नाही. तुझी स्पर्धा कोणत्या गटाच्या पदाला चालते, हेही त्याच वेळी तिथंच विचारून घे.

माझ्या मते क्रम असा: यंदा डी, पुढच्या वर्षी बीपीएडची सीईटी, आणि बीपीएड चालू असताना मैदान सोडायचं नाही.

---

जुना स्टॉपर, छत्रपती संभाजीनगर

वरचं कागदाचं सगळं बरोबर आहे. क्रम मात्र मी उलटा लावेन. आधी लेकरं, मग डी. ज्याच्याकडे रोजची टीम नाही त्याला डीच्या वर्गात शिकवलेलं वरून जातं. तुझ्याकडे अठरा लेकरं आहेत, ही मोठी गोष्ट आहे. थांबू नको. फक्त काय करायचं नाही ते आधी शिकून घे.

विद्यापीठाकडून खेळलेल्या पोराची पहिली चूक ठरलेली असते. त्याला जी प्रॅक्टिस मिळाली, तीच तो दहा वर्षांच्या लेकराला देतो. मैदानाच्या पाच फेऱ्या, मग एका रांगेत उभं राहून गोलवर शॉट, मग सगळ्यांची एक मॅच. या रांगेचा हिशोब करून बघ. १८ लेकरं, एक बॉल, एका शॉटला १० सेकंद. म्हणजे प्रत्येकाचा नंबर तीन मिनिटांनी येतो. १५ मिनिटांत एका लेकराला पाच वेळा बॉल लागला. बाकी वेळ ते उभं आहे, माती उकरतंय, पुढच्याला ढकलतंय. मग आपण ओरडतो की लेकरांचं लक्ष नाही.

त्याऐवजी ७५ मिनिटं अशी लाव. पहिली १५ मिनिटं वॉर्मअप. फिफाचा ‘११+ किड्स’ म्हणून ७ ते १३ वयासाठी बसवलेला कार्यक्रम आहे. त्यात सातच प्रकार आहेत, तोल, उडी, पडताना लोळण घेणं वगैरे. मोठ्या पोरांसाठीचा ‘११+’ वेगळा, २० मिनिटांचा, तीन टप्प्यांचा: ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद-उडी-तोल, २ मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा झाला तरच त्याचा उपयोग.

पुढची १५ मिनिटं चौकोन. १० बाय १० मीटरचे तीन चौकोन आख, प्रत्येकात सहा लेकरं. चार बाहेरच्या बाजूंवर, दोन आत बॉल हिसकायला. तीन चौकोनांना तीन बॉल, कुणीही उभं नाही. आता यात काय बिघडतं? दहा वर्षांच्या लेकरांचा दुसऱ्याच पासला बॉल जातो. तसं झालं की चौकोन १२ बाय १२ कर, नाहीतर आत एकच ठेव. उलट सलग दहा पास आरामात व्हायला लागले तर ८ बाय ८ वर आण. जागा बदलूनही पास तुटत असतील तर दोष जागेचा नाही, पायाचा आहे. तेव्हा खाली वाक आणि पाय बघ.

पायात बघायचं ते असं. पास देताना घोटा ढिला असतो, म्हणून बॉल पायाला लागून मेल्यासारखा पडतो. अंगठा वर, टाच खाली, घोटा ताठ, आणि टेकवलेल्या पायाची बोटं जिकडे पास द्यायचा तिकडे. बॉल घेताना लेकरू बॉलकडे छाती करून उभं राहतं आणि जवळच्या पायानं थांबवतं. मग वळायला दोन स्पर्श जास्त लागतात, तोवर समोरचा अंगावर येतो. अंग तिरकं ठेवायचं, बॉल येण्याआधी एकदा खांद्यावरून मागं बघायचं, आणि बॉल अंगासमोरून जाऊ देऊन लांबच्या पायानं घ्यायचा. एका दिवशी यातली एकच गोष्ट सांग. चार सांगितल्या तर एकही राहत नाही.

मग २० मिनिटं छोट्या मॅच. ३५ बाय २५ मीटरच्या दोन पट्ट्या. एकीकडे ४ विरुद्ध ४, दुसरीकडे ५ विरुद्ध ५. गोल म्हणजे दोन मीटर अंतरावर दोन कोन. गोलकीपर नको. राहिलेल्या वेळात त्याच पट्ट्यांवर संघ बदलून मोकळा खेळ. तेव्हा शिट्टी खिशात आणि तोंड बंद. शेवटची पाच मिनिटं हलकं चालणं, पाणी, आणि वहीत हजेरी. वहीत नावापुढे दोन शब्द लिही: ‘डावा पाय नाही’, ‘मागं बघत नाही’. महिन्यानं ती वहीच तुला पुढची प्रॅक्टिस सांगेल.

डाव्या पायावरून आठवलं. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे याच वाटेचं सगळ्यात मोठं नाव. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळले, शाळेत शिक्षक झाले, शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला, १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव आणि १९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांचे कोच झाले. त्या पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला. भारताची १९५१ आणि १९६२ची एशियाडची सुवर्णं आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक त्यांच्याच हाताखालचा. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता आणि औरंगाबादचं कॉलेजही उस्मानियालाच जोडलेलं होतं, म्हणजे हा माणूस आपल्याला परका नाही. फक्त कमजोर पायानं खेळायचे सामने ते लावत. तुझ्या मैदानावर आठवड्यातून एकदा १० मिनिटं हे लाव: गोल फक्त कमजोर पायाचा धरायचा. पहिले दोन आठवडे लेकरं चिडतील, बॉल मागं-पुढं जाईल. सोडू नको.

---

गोलकीपर ताई, लातूर

तुमच्या अठरांत मुली आहेत का, ते लिहिलं नाही. नसतील तर पहिल्या दिवसापासून बोलवा. सुब्रतो कपात, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत, १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे आणि आपल्याकडे तालुका पातळीवर त्यात शाळांचे संघ मोजकेच उतरतात. १०-१२ वयाला मुलामुलींनी एकत्र खेळलं तर काही बिघडत नाही, उलट मुलींना बॉल जास्त मिळतो.

याबरोबर काही गोष्टी पक्क्या ठेवा. पालकांचं सहीचं संमतीपत्र, त्यात रक्तगट, जुना आजार आणि दोन फोन नंबर. मैदानावर तुमच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस, शक्यतो एखाद्या लेकराची आई. कोणत्याही लेकराला निरोप द्यायचा तो पालकांच्या ग्रुपवर, त्याच्या एकट्याच्या फोनवर नाही. उभं कसं राहायचं ते स्वतः करून दाखवायचं, हाताला-कमरेला धरून नाही. पोक्सो कायदा २०१२चा आहे आणि अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. कोचनं हे माहीत नाही म्हणून चालत नाही.

मुली महिन्याच्या मध्येच यायच्या बंद होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा मैदानावर असतं: कपडे बदलायला आणि लघवीला जागा नसणं. मैदान घेताना शाळेकडून स्वच्छतागृहाची किल्ली मागून घ्या. पत्रात तसं लिहून घ्या.

---

राईट हाफ, परभणी

ताई, पाच मुली आहेत. किल्लीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच मुख्याध्यापक सरांना भेटतो. स्टॉपर दादा, चौकोनाचं उद्यापासून चालू करतो.

आता मैदानाचं सांगा. मधोमध भेगा पडल्यात, एका बाजूला सराटे आहेत. पावसाळ्यात काय करायचं? आणि बॉल कोणते घ्यावेत, किती?

---

मैदानकर, जालना

भाई, हा प्रश्न कोचिंगच्या पुस्तकात नसतो, आणि आपल्याकडे निम्मी कोचिंग याच्यातच आहे.

काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि फाटते. भेग बोटभर रुंद झाली की घोटा मुरगळलाच समजा. भेगांत वरून नुसती कोरडी माती लोटली तर पहिल्या पावसात बसते आणि तिथंच खड्डा होतो. भेग उघडी करून बारीक मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसायचा, दुसऱ्या दिवशी परत भरायचा. पूर्ण मैदानाला मुरूम टाकायची ऐपत असेल तर १० ते १५ सेंटिमीटरचा थर, मधून कडेला हलका उतार, आणि टाकण्याआधी मोठे खडे चाळून काढायचे. पैसे कमी असतील तर दोन्ही गोलपुढची जागा आणि मधलं वर्तुळ एवढंच करा. सगळ्यात जास्त पाय तिथंच पडतात.

रोलर कधी फिरवायचा? शेतकऱ्याला विचारा, तो एका शब्दात सांगेल: वाफसा आल्यावर. ओल्यात फिरवला तर माती रोलरला गुंडाळून येते, कोरड्यात फिरवला तर नुसता आवाज होतो. मुठीत माती दाबली की लाडू व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की फुटावा, तो दिवस रोलरचा. पाऊस पडल्यावर लेकरांना मैदानात सोडायचा नियमही हाच. चिखलात एक तास खेळलं तर पडलेले स्टडचे ठसे वाळून दगडासारखे होतात आणि पुढचा महिनाभर बॉल कुठंही उडतो. ओलीच्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात किंवा सिमेंटच्या पट्टीवर तोलाचे आणि बॉल-ताब्याचे प्रकार घ्या. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच येतात, त्यामुळे पायाची तयारी मार्च ते मे या काळातच करावी लागते.

सराटे खुरप्यानं मुळासकट काढा, तेही फुलं असताना. काटे वाळून गळल्यावर उपटलं तर बी तिथंच राहतं. वाळलेले काटे जमिनीवर पडले असतील तर ओलं गोणपाट ओढत न्या, पुष्कळसे त्याला चिकटून येतात.

बॉल. १२-१३ वयापर्यंत चार नंबर, त्यापुढं पाच. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. चार नंबर ३५० ते ३९० ग्रॅम. दहा वर्षांच्या लेकराला पाच नंबर दिला की ते आतल्या पायानं मारायचं सोडून अंगठ्यानं मारायला लागतं, आणि ती सवय जात नाही. कडक मैदानाला रबर मोल्डेड बॉल घ्या, निव्हिया स्टॉर्मसारखा. शिवलेला बॉल पायाला छान लागतो, पण मुरुमावर दोरा घासून उसवतो. शिवलेल्याचा ब्लॅडर बदलून मिळतो, मोल्डेडचा मिळत नाही, म्हणून सराट्याचं काम आधी. १८ लेकरांना १० बॉल पुरतात. मार्कर (खुणेला जमिनीवर ठेवायच्या बशा) ४०, बिब (संघ ओळखायला वरून घालायचे रंगीत बनियन) दोन रंगांचे दहा-दहा, पंप दोन आणि पिना निदान सहा, कारण पिन वाकते. पिन कोरडी घालायची नाही, ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरड्या पिनेनं व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल रोज संध्याकाळी बसतो. मग आपण काटा शोधत राहतो.

हवा नियमात ०.६ ते १.१ बार आहे. कडक मैदानावर लेकरांना ०.६च्या आसपास ठेवा. मीटर नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबा, किंचित आत गेलं पाहिजे. टणक भरलेला बॉल मुरुमावर गुडघ्याच्या वर उडतो, त्यावर पहिला स्पर्श शिकवताच येत नाही.

आखणी सांगतो. सात-सातच्या खेळाला ५५ बाय ३७ मीटर. चार खुंट्या, टेप आणि दोरी. एका कोपऱ्यावर ६ मीटर एका बाजूला, ८ मीटर दुसऱ्या बाजूला मोजा. त्या दोन टोकांतलं अंतर बरोबर १० आलं की कोन काटकोन. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ६६.३ मीटर यायला हवेत. कमी-जास्त आले तर मैदान पतंगासारखं झालंय, खुंटी सरकवा. पूर्ण मैदानावर गोलपुढचा मोठा चौकोन (पेनल्टी एरिया) आखताना मैदानाच्या मधून मोजू नका. गोलच्या खांबाच्या आतल्या कडेपासून बाजूला १६.५ आणि आत १६.५ मीटर. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर आणि त्या ठिपक्यापासून ९.१५ मीटरचा कंस. फक्की मारताना चुनकळीचा ताजा चुना वापरू नका, पडलेल्या लेकराच्या डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. खडूची पावडर घ्या.

आणि एक, हे कृपा करून विसरू नका. पाइपचे सुटे गोलपोस्ट असतील तर मागच्या पाइपवर वाळूची पोती टाका किंवा लोखंडी खुंट्यांनी जमिनीला बांधा. लेकरं आडव्या पाइपला लोंबकळतात, पोस्ट पुढं पडतो आणि पाइप डोक्यात बसतो. यात लेकरं दगावलेली आहेत. प्रॅक्टिस संपली की पोस्ट आडवा करून भिंतीला लावायचा.

---

कागदपत्र, नांदेड

स्टॉपर साहेबांचं म्हणणं मान्य, लेकरं आधी. पण सहा महिन्यांनी ही लेकरं शाळेबाहेर क्लब म्हणून खेळवायची असतील तर नोंदणी लागेल. सात सभासद जमवून धर्मादाय कार्यालयात सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखाली नोंदणी होते. संस्थेच्या घटनेच्या उद्देशांत ‘फुटबॉल’ हा शब्द स्पष्ट घाला. नुसतं ‘क्रीडा व सांस्कृतिक’ लिहिलं की जिल्हा संघटनेकडे संलग्नतेला गेल्यावर प्रश्न विचारतात. दरवर्षी हिशोब आणि बदल अर्ज दाखल करायचे, तिथंच बहुतेक क्लब मरतात.

लेकरांचे मूळ जन्मदाखले आत्ताच बघून ठेवा. शालेय स्पर्धांना वय ३१ डिसेंबरला मोजतात. शाळेच्या रजिस्टरातली तारीख आणि दाखल्यावरची तारीख वेगळी निघाली की ऐन सामन्याच्या सकाळी लेकरू बाहेर बसतं आणि संघ बाद होतो तो वेगळाच.

---

जुना स्टॉपर, छत्रपती संभाजीनगर

डी लायसन्सचं राहिलं होतं.

सहा दिवस वर्ग आणि मैदान दोन्ही चालतं. वर्गात खेळाची तत्त्वं, वयानुसार लेकरू कसं शिकतं, प्रॅक्टिसचा आराखडा कसा लिहायचा. मैदानावर उमेदवारच एकमेकांचे खेळाडू असतात. म्हणजे तुम्ही शिकवता तेवढी काही मिनिटं, आणि बाकीचे सहा दिवस दुसऱ्यांच्या प्रॅक्टिसमध्ये पळता. बूट, शिनगार्ड, दोन जोड मोजे न्या आणि महिनाभर आधी अंग कमवा. तिसऱ्या दिवशी पोटरी धरलेला माणूस स्वतःची परीक्षा नीट देऊ शकत नाही.

परीक्षेत एक विषय देतात, समजा ‘पास देणं व घेणं’, आणि ठरलेल्या वेळात तो शिकवून दाखवायचा. नापास होणारे फुटबॉल येत नाही म्हणून होत नाहीत. सुरुवातीला दोन मिनिटं भाषण देतात, अर्ध्या मिनिटात सांगून खेळ चालू व्हायला हवा. खेळाडूंच्या तोंडावर ऊन येईल असे उभे करतात. उन्हाकडे तोंड कोचचं असावं, खेळाडूंची पाठ. चौकोनाच्या मधोमध उभे राहतात, त्यामुळे निम्मे खेळाडू पाठीमागं. कडेला, कोपऱ्याच्या बाहेर उभं राहिलं की सगळे डोळ्यांपुढं येतात. आणि चूक दिसली की दर दहा सेकंदाला शिट्टी. नेमका विषयातला दोष दिसला तेव्हाच ‘थांब, आहे तिथंच’ म्हणायचं, बॉल कुठून आला ते दाखवायचं, योग्य पास एकदा स्वतः देऊन दाखवायचा, त्याच खेळाडूकडून एकदा करून घ्यायचा आणि खेळ सोडायचा. हे सगळं वीस सेकंदांत. पासचा विषय असताना शॉट कसा मारावा हे सांगत बसलात तर गुण जातात.

आराखडा कागदावर काढायची सवय आजपासून लाव. खेळाडूची धाव सरळ रेघेनं, बॉलचा मार्ग तुटक रेघेनं, ड्रिबल नागमोडी, जागेची मापं मीटरमध्ये, वेळ मिनिटांत. रोज एक पान. कोर्सला जाशील तेव्हा शंभर पानं झालेली असतील.

---

गोलकीपर ताई, लातूर

उन्हाळा आणि दुखापतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून जोडते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला चालू, साडेसातला बंद. पाणी दर १५ मिनिटांनी सगळ्यांनी प्यायचं, तहान लागो न लागो. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. जास्त मीठ घालून ‘स्ट्राँग’ करू नका, उलटी होते. लेकरू अडखळायला, बरळायला लागलं, उलटी झाली तर सावली, कपडे ढिले, अंगभर ओलं फडकं, वारा, आणि १०८ला फोन. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

घोटा मुरगळला की तेल लावून चोळायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. पहिले दोन दिवस चोळायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. डोक्याला डोकं आपटलं, चक्कर किंवा मळमळ आहे, तर त्या दिवशी लेकरू परत मैदानात जाणार नाही, मग पालक कितीही म्हणोत की त्याला काही झालं नाही.

---

राईट हाफ, परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. किल्ली मिळाली. रविवारी सकाळी सुतळी घेऊन ५५ बाय ३७ आखतो. नायलॉनची दोरी घरात आहे, ती चालेल का?

---

मैदानकर, जालना

नको. नायलॉन ताणला की लांबतो, ५५ मीटरला हातभर फरक पडतो आणि कर्ण जुळता जुळत नाहीत. मापाला टेपच, सुतळी फक्त रेघ सरळ यायला. सुतळीही ओली नको, भिजली की तिची लांबी बदलते. दोन माणसं टेपच्या टोकांना आणि एक मध्ये धरायला ठेवा, वाऱ्यानं टेपला पोट येतं. सकाळी लवकर करा, वारा पडलेला असतो.